मोडीचें वळण आणि मोडीचा खिळा

लिपीचा इतिहास लिहिणारे बहुधा अक्षरांच्या आकृत्यांचा इतिहास लिहितात. अमुक शतकांत ‘अ’ कसा होता, पुढें त्याची शेपटी कोठें वळली, माथा केव्हां बांधला गेला, हें ते कोष्टक मांडून दाखवितात. आणि तें काम मोलाचें आहे यांत शंका नाहीं. परंतु लिपीला आकृतीशिवाय आणखी एक अंग असतें. अक्षर कोणत्या साधनानें, किती घाईंत, कोणत्या कामासाठीं आणि कोणाच्या डोळ्यांकरितां काढलें, यावर त्याचें रूप ठरतें. या सर्वांच्या एकत्रित परिणामाला आपल्याकडे फार जुना आणि फार नेमका शब्द आहे : वळण. एखाद्या मुलाचें अक्षर ‘वळणदार’ आहे असें आपण म्हणतों, तेव्हां स्तुति होते ती त्याच्या हाताच्या चालीची.

हातानें लिहावयाच्या लिपीचें छापण्याच्या खिळ्यांत रूपांतर केलें म्हणजे या वळणाचें काय होतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. युरोपांत हा प्रश्न सोळाव्या शतकापासून निरनिराळ्या रूपांनीं पुढें आलेला आहे. महाराष्ट्रांत तो खऱ्या अर्थानें उभा राहिला तो मोडीच्या बाबतींत. आणि तो केवळ कलाकुसरीचा प्रश्न नाहीं. गेल्या दहाबारा वर्षांत मोडी संगणकावर आली, तिचे नवे टाइप निघाले, आणि त्याच सुमारास जुन्या मोडी कागदांच्या वाचनावर कुटुंबांचे हक्क अवलंबून असूं शकतात, हा अनुभव सबंध महाराष्ट्राला आला. तेव्हां वळण आणि खिळा यांचा हिशेब एकदां नीट मांडला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

मोडीच्या उत्पत्तीविषयीं जीं मतें प्रचलित आहेत त्यांचा निर्देश थोडक्यांतच करूं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, म्हणजे लोकांचा हेमाडपंत, यानें महादेव व रामचंद्र यांच्या कारकीर्दींत, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, ही लिपी प्रचारांत आणली ही परंपरा सर्वश्रुत आहे. त्यानें ती लंकेहून आणली अशी पुरवणीही दंतकथेनें तिला जोडली आहे. चांदोरकरांनीं ‘मोडी’ या शब्दाचा संबंध ‘मौर्यी’शीं लावून तिला मौर्यकालापर्यंत मागें नेलें. राजवाड्यांचें मत असें कीं, फारसी दफ्तरांतील ‘शिकस्ता’ नांवाच्या वळणाचें हें मराठी भाषांतर आहे. शिकस्ता म्हणजे मोडलेली, तशीच मोडी. यांपैकीं कोणतें मत टिकेल याचा निर्णय येथें करण्याचें कारण नाहीं. मात्र राजवाड्यांच्या मतांत, व्युत्पत्ति खरी असो वा नसो, एक मार्मिक गोष्ट आहे. जेथें राज्यकारभार वाढतो, रोज शेंकडों पत्रें सुटूं लागतात, तेथें घोटीव अक्षर मोडावेंच लागतें. इराणी आणि मोगल दफ्तरांत नस्तालीक मोडून शिकस्ता झाली. मराठ्यांच्या दफ्तरांत बाळबोधीच्या शेजारीं मोडी नांदली. हें मोडणें म्हणजे बिघडणें असें समजूं नये. घाईच्या कामाला अक्षर जुंपलें म्हणजे त्याचें जें होतें तें हें.

मोडी कशी लिहीत, हें पाहिल्याशिवाय पुढील विवेचन कळावयाचें नाहीं. कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढी. बाळबोध लिहितांना आपण अक्षर आधीं काढतों आणि शिरोरेघ मागून देतों. मोडींत रेघ आधीं आणि अक्षरें मागून. दोरीवर कपडे वाळत घालावे तशीं तीं त्या रेघेला टांगलेलीं असतात. एक अक्षर संपलें कीं बोरू न उचलतां तो खालून वर रेघेकडे जातो, आणि तेथूनच पुढल्या अक्षराचा आरंभ होतो. बाळबोधींतला काना वरून खालीं येतो. मोडींतला काना खालून वर चढतो, कारण हाताला पुढें जावयाचें असतें. अक्षरांना गोलाई आली तीही याच कारणानें, कारण कोन काढावयाचा म्हणजे हात थांबवावा लागतो. ‘क’सारख्या अक्षराला काना, वेलांटी किंवा उकार लागला कीं त्याचें मूळ रूपच बदलतें; ‘र’ तर शेजारी पाहून वेश पालटतो. ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद पाळला जात नाहीं. एक वेलांटी आणि एक उकार यांवर सगळा संसार चालतो. दोन शब्दांमध्यें जागा नाहीं, विरामचिन्हें नाहींत, आणि वारंवार येणाऱ्या शब्दांचे संक्षेप ठरलेले : ‘राजश्री’बद्दल ‘रा॥’, ‘मौजे’बद्दल ‘मौ॥’, चंद्रतिथीच्या आधीं ‘छ’.

यांतील प्रत्येक गोष्ट आज आपल्याला दोष म्हणून शिकविली जाते. तीं वैशिष्ट्यें ज्या कामासाठीं जन्मलीं त्या कामाकडे पाहिलें म्हणजे दोषाचा रंग पालटतो. पोथी, पुराण, कवितेची वही हीं बाळबोधींत लिहिलीं जात. हिशेब, याद्या, सनदा, आज्ञापत्रें, खासगी पत्रें हीं मोडींत. पुष्कळदां दोन्ही लिहिणारा मनुष्य एकच असे. देवापुढें जातांना सोंवळें आणि शेतावर जातांना साधें धोतर, तसाच हा व्यवहार होता. पोथी अनोळखी वाचकासाठीं असते, म्हणून तिच्यांत ऱ्हस्वदीर्घाचा काटेकोरपणा लागतो. दफ्तरी कागद जाणत्यासाठीं असतो. त्याला विषय, गांव, मामला आणि मनुष्य हीं सर्व आधींच ठाऊक असतात. शिवाय सलग ओळीचा आणखी एक उपयोग आमच्या मतें दृष्टीआड करतां येत नाहीं. ज्या ओळींत शब्दाशब्दांमध्यें जागा नाहीं, जिच्या शेवटीं ‘लेखनसीमा’ म्हणून शिक्का उठतो, आणि लांब कागदाचे तुकडे जेथें जोडले त्या सांध्यावरही मुद्रा असते, तेथें मागाहून एखादा शब्द घुसडणें सोपें नसतें. सलग ओळ ही लबाडीवरची एक कडीच होती.

या लिपीला एकच वळण कधींच नव्हतें. अभ्यासक तिचे यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे थर मानतात. पेशवाईंत तर चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशीं वळणें नांवानिशीं ओळखलीं जात. नांवांवरूनच दिसेल कीं वळण हें घराण्याचें, फडाचें किंवा एखाद्या नामांकित लेखकाचें असे. उमेदवार कारकून वडील कारकुनाचा कित्ता पुढें ठेवून वर्षानुवर्षें हात घोटी. त्याच्या अक्षराला जें रूप येई त्यावरून तो कोणत्या फडांत तयार झाला हें जाणता ओळखूं शके. पुढें इंग्रजी अमलांत बोरूच्या जागीं पोलादी टाक आला. बोरूची तिरपी कापलेली जीभ एकाच फटकाऱ्यांत जाड आणि बारीक अशा दोन्ही रेषा देई. टाकानें तो भेद बराच पुसला आणि अक्षर बारीक, धांवतें, सपाट झालें. इतिहाससंशोधकाला हें सर्व शोभेपुरतें ज्ञान नाहीं. ज्या पत्रावर मिति नाहीं त्याचा काल वळणावरून अजमावतां येतो. शिवकालीन म्हणून पुढें केलेली एखादी वतनाची सनद आंग्लकालीन हातानें लिहिलेली निघाली, तर तिचें बिंग वळणच फोडतें. म्हणजे मोडी कागदांत मजकूर ही एक साक्ष आणि वळण ही दुसरी. ही दुसरी साक्ष खिळ्यांत किती उतरते, हाच आपला प्रश्न.

मोडीचा खिळा प्रथम पडला तो महाराष्ट्रांत नव्हे, तर कलकत्त्याजवळील श्रीरामपूर येथें. विल्यम कॅरी व त्याचे सहकारी यांनीं तेथें १८०० सालीं मिशनचा छापखाना घातला. अक्षरें कोरण्याची विद्या त्या छापखान्याला पंचानन कर्मकार या कारागिराकडून मिळाली होती. चार्ल्स विल्किन्सबरोबर काम करून तो तयार झाला होता, आणि त्याच्यामागून त्याचा जांवई मनोहर यानें ती परंपरा चालविली. कॅरी हा फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली व संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवी. पंडित वैजनाथ शर्मा हे त्याचे मराठीचे साहाय्यक. १८०५ सालीं कॅरीचें मराठी व्याकरण निघालें, त्यांत मराठी मजकूर नागरीचा आहे. १८१० सालचा त्याचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांनीं छापला आहे. पुढें सिंहासनबत्तिशी (१८१४) व हितोपदेश (१८१५) हीं गद्य पुस्तकें आणि त्यांच्याच सुमारास रघुजी भोसल्यांची वंशावळी हींही मोडी टाइपांत निघालीं.

या निवडीमागील कारण राजकीय आहे, आणि तें वर्धा-नागपूर भागांतील वाचकांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांचें राज्य संकोच पावलें. लवकरच एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून आला व त्याच्यामागून जेंकिन्स आला. फोर्ट विल्यममध्यें शिकणाऱ्या तरुण इंग्रज अंमलदारांना पुढें ज्या दरबारांशीं पत्रव्यवहार करावयाचा होता ते दरबार मोडींत लिहीत होते. बाळबोध शिकलेला इंग्रज पोथी वाचूं शकला असता, पण वकिलाचें पत्र किंवा जमाबंदीची यादी त्याला लागली नसती. म्हणून कोश मोडींत, गोष्टींचीं पुस्तकें मोडींत, आणि ज्या घराण्याशीं गांठ पडली होती त्याची वंशावळीही मोडींत. मराठी छपाईच्या अगदीं आरंभींचें एक ऐतिहासिक गद्य आपल्या प्रांताच्या राजघराण्याविषयीं असावें आणि तें बंगालमध्यें परक्यांच्या गरजेसाठीं छापलें जावें, ही गोष्ट मराठी मनाला थोडी बोंचणारी आहे. पण ती आहे तशी आहे.

श्रीरामपूरच्या कारागिरांचें कौशल्य कबूल करूनही असें म्हणावें लागतें कीं, त्यांनीं हातीं घेतलेलें काम जात्याच अवघड होतें. खिळा म्हणजे धातूचा एक स्वतंत्र चौकोनी तुकडा. त्याला डावी आणि उजवी कड असते, आणि तेथें अक्षर संपलेंच पाहिजे. नागरीला हें पेलतें. कारण नागरी अक्षर स्वतःपाशीं पुरें असून शेजाऱ्याशीं त्याचा संबंध फक्त शिरोरेघेपुरता असतो, आणि दोन खिळे शेजारीं बसविले कीं रेघ सांधली जाते. मोडीचें अक्षर शेजाऱ्याशिवाय पुरें होत नाहीं. एका अक्षराच्या पायापासून निघून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत जाणारी जी चढती रेषा, तीच या लिपीचा प्राण. आणि खिळ्याची कड नेमकी त्या रेषेवर पडते. प्रत्येक जोडीसाठीं वेगळा खिळा पाडावा तर जुळाऱ्याला शेंकडों घरांच्या पेट्या पुढें घेऊन बसावें लागेल. एकेका अक्षराला एकेकच खिळा ठेवावा तर ओळ अडखळते. शिवाय घाई हा जिचा हेतु, त्या लिपीला छापखान्यांत घाई करण्याचें कारणच उरत नाहीं. छापलेलें बाळबोध अक्षर आणि छापलेलें मोडी अक्षर जुळवावयास वेळ सारखाच लागतो. मग मोडींत छापून लाभ काय? वेगाचा फायदा गेला आणि संदिग्धतेचा तोटा तेवढा राहिला.

हा अनुभव केवळ आपलाच नाहीं. रोबेर ग्रांझों या फ्रेंच कारागिरानें १५५७ सालीं लियों येथें आपल्या देशाच्या चालू हस्ताक्षरावरून एक टाइप कोरला. पुढें त्याला ‘सिव्हिलिते’ असें नांव पडलें. फ्रेंच भाषेचें तें राष्ट्रीय छापील अक्षर व्हावें अशी त्याची उमेद होती. परंतु मुलांचीं शिष्टाचाराचीं व वाचनाचीं पुस्तकें यांपलीकडे त्याचा फारसा प्रसार झाला नाहीं. रोमन व इटालिक यांनींच छापखाना व्यापला. उलट उर्दूचें उदाहरण पाहा. नस्तालीक वळण खिळ्यांत नीट बसेना, म्हणून उर्दू वाचकांनीं खिळाच नाकारला. कातिबांनीं हातानें लिहावें आणि तें शिळेवर छापावें, अशा रीतीनें उर्दू वृत्तपत्रें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चाललीं. १९८१ सालीं मिर्झा अहमद जमील यांच्या ‘नूरी नस्तालीक’नें हजारों जोडाक्षरसमूह यंत्रांत भरले, तेव्हां कोठें हें चक्र फिरलें. वळण राखावयाचें तर त्याची एवढी किंमत मोजावी लागते. उर्दूनें ती मोजली. मराठीनें मोजली नाहीं, कारण तिच्याजवळ बाळबोध हा तयार पर्याय होता.

महाराष्ट्रांतही शिळाछापानें मोडीला कांहीं काळ हात दिला. शिळाछापांत लेखक विशिष्ट तेलकट शाईनें लिहितो व तेंच लिखाण दगडावरून उठतें. तेथें खिळ्याची कड आडवी येत नाहीं. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं मुंबईस शिळाछापावर पंचांग छापलें तें प्रसिद्धच आहे. शाळांतून मोडी शिकविण्याचे कित्ते व वाचनपाठ शिळाछापाचेच सोयीचे पडत, कारण विद्यार्थ्याला शिकावयाचें होतें तें खरें वळण. पण ग्रंथ व वृत्तपत्रें यांची वाट निराळी पडली. १८३१ चा मोल्सवर्थचा कोश, १८३२ चें ‘दर्पण’, सरकारी शालेय पुस्तकें, मिशनऱ्यांचीं पुस्तकें, आणि पुढें जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे देखणे टाइप, हें सर्व बाळबोध. छापील तें बाळबोध आणि हातचें तें मोडी, अशी कामाची वांटणीच होऊन बसली. मग कचेऱ्यांतून छापील नमुने, छापील कायदे, छापील जाहिराती जसजशा वाढल्या, तसतशी हाताची सीमा मागें हटत गेली. १९१७ च्या जुलैंत मुंबई इलाख्याच्या सरकारनें कारभारांत मोडीच्या जागीं बाळबोध स्वीकारण्याचें ठरविलें. शाळेंत ती त्यानंतरही कित्येक वर्षें शिकविली गेली, आणि वडीलधारीं माणसें खासगी पत्रें व जमाखर्च मोडींतच लिहीत राहिलीं. पण नवी पिढी तिच्याशिवाय वाढूं लागली होती.

बाळबोधवाद्यांची बाजू निर्बल नव्हती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ जेथें सारखेंच दिसतात, तेथें जाणत्याच्या हातून कागद अजाणत्याच्या हातीं गेला कीं घोंटाळा व्हावयाचाच. आमच्याच जिल्ह्यांतलें उदाहरण घ्या. वर्धा शहराला लागून असलेलें सिंदी हें गांव, आणि सेलू तालुक्यांतलें रेल्वेवरचें सिंदी हें दुसरें. आज आपण एकाला सिंदी मेघे आणि दुसऱ्याला सिंदी रेल्वे म्हणून निकाल लावतों. जुन्या कागदांत नुसतें ‘मौ॥ सिंदी’ असेल तर परगणा, शेजारचीं गांवें आणि पाटलाचें घराणें पाहूनच तें कोणतें हें ठरवावें लागतें. लिहिणाऱ्या कारकुनाला हा प्रश्न पडत नव्हता. तो वाचणाराला पडतो. म्हणजे मोडीचा दोष हा तिच्या रेषांत नसून, तिचे वाचक ज्या जाणतेपणावर विसंबले तो जाणतेपणा लोप पावण्यांत आहे. लिपी बदलतांना तो जतन करण्याची व्यवस्था झाली असती, तर १९१७ चा निर्णय निखालस हिताचा ठरला असता. ती झाली नाहीं, आणि दोन पिढ्यांच्या आंत लोक आपल्याच आजोबांच्या कागदांपुढें निरक्षर ठरले.

या संदर्भांत वर्ध्याचा एक विशेष सांगितला पाहिजे. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी निवर्तले, १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला आणि १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागेवर वर्धा शहर जिल्ह्याचें ठाणें म्हणून वसूं लागलें. म्हणजे शहर इंग्रजी आमदानींतलें, पण भोंवतालचीं खेडीं भोसल्यांच्या मोडी दफ्तरांत वाढलेलीं. आणि याच वर्ध्यांत विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत लिपीचा अगदीं उलट दिशेचा प्रयोग झाला. १९३५ च्या इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं नागरी लिपीच्या सुधारणेचा विचार झाला. काकासाहेब कालेलकरांनीं तें काम अंगावर घेतलें. १९३६ सालीं वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली, आणि ‘अि, अी, अु’ अशी ‘अ’ची बाराखडी तिच्या छापील पुस्तकांतून दिसूं लागली. सावरकरांनींही महाराष्ट्रांत याच बाराखडीचा पुरस्कार केला होता. पुढें पवनारास विनोबांनीं ‘लोकनागरी’ म्हणून आणखी सुटसुटीत रूप सुचविलें. या सर्वांचा हेतु एकच : खिळ्यांची संख्या कमी व्हावी, जुळाऱ्याचें व टंकयंत्राचें काम हलकें व्हावें, आणि त्यामुळें ज्ञान स्वस्त व्हावें.

श्रीरामपुरांत यंत्राला हाताच्या चालीप्रमाणें वळविण्याचा यत्न झाला. वर्ध्यांत अक्षराला यंत्राच्या सोयीप्रमाणें वळविण्याचा. दोन्ही यत्न प्रामाणिक होते आणि दोन्ही मागें पडले. पहिला पडला कारण यंत्र पुरेसें लवचिक नव्हतें. दुसरा पडला कारण वाचकांचा डोळा तितका लवचिक नव्हता. ज्या गांधीजींनीं आत्मचरित्रांत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराची लाज वाटत असल्याचें नमूद केलें आणि वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण मानली, त्यांच्याच कर्मभूमींत छापील अक्षराची एवढी चिकित्सा व्हावी हें योग्यच म्हटलें पाहिजे. मात्र त्या चिकित्सेंत मोडीला जागा नव्हती.

संगणकानें ही सर्व अडचण मुळापासून बदलली. संगणकाला खिळ्याची कड नाहीं. अमक्या अक्षरापुढें तमकें आलें तर हें रूप घ्यावें, काना लागला तर तें घ्यावें, असे नियम त्याला एकदां देतां येतात आणि मग तो ते कंटाळा न करतां पाळतो. अंशुमान पांडे यांनीं मांडलेल्या प्रस्तावाच्या आधारें २०१४ च्या जूनमध्यें युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत मोडीचा समावेश झाला; ७९ चिन्हांना कायमचे क्रमांक मिळाले. त्यानंतर ‘नोटो सॅन्स मोडी’सारखे मुक्त टाइप उपलब्ध झाले. श्रीरामपूरच्या कारागिरांना जें साधावयाचें होतें तें आतां घरबसल्या साधूं लागलें.

तरीही वळणाचा प्रश्न सुटला असें आम्हांस म्हणवत नाहीं. ‘नोटो’सारख्या टाइपांत रेषेची जाडी सर्वत्र सारखी असते, बोरूच्या जिभेचा त्यांत मागमूस नाहीं. सूची करणें, पाठ छापणें, नवशिक्याला अक्षरओळख करून देणें, या कामांना तो उत्तम आहे, आणि त्याचा हेतुही तेवढाच आहे. दोष टाइपाचा नसून आपल्या समजुतीचा होऊं शकतो. शिकणारा त्या टाइपावर हात बसवितो, परीक्षा देतो, आणि मग पेशवाईंतला एखादा कागद पुढें आला कीं त्याला पहिली ओळसुद्धां लागत नाहीं; कारण कागदांत अक्षरें एकमेकांत शिरलेलीं, शब्द सलग, अनुस्वार गाळलेले आणि वळण निराळें असतें. दुसरीकडे मोडी ही हौसेची वस्तु बनली आहे. लग्नपत्रिका, अंगठ्या, दुकानाच्या पाट्या, पुस्तकांचीं मुखपृष्ठें यांवर नांवें मोडींत येऊं लागलीं आहेत. त्याला आमचा विरोध नाहीं. हौसेनेंही माणूस अभ्यासाच्या दाराशीं येतो. पण ती जन्मली हिशेबासाठीं आणि हक्कासाठीं, हें विसरून तिला केवळ नक्षी समजणें बरें नव्हे.

ही गोष्ट २०२३ सालीं सर्वांच्या ध्यानांत आली. मराठा समाजांतील कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठीं राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. प्रथम मराठवाड्यांत आणि मग सबंध राज्यांत जुनीं दफ्तरें उघडलीं गेलीं. त्यांतल्या कित्येक नोंदी मोडींत होत्या, आणि गांवोगांव एकाएकीं मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, एका ओळींतला एक शब्द कसा वाचला जातो यावर एका घराचें शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहूं शकते. आणि तो शब्द वाचणारा मनुष्य मुद्रित टाइपावर नव्हे, हातच्या वळणांवर तयार झालेला असावा लागतो.

यंत्रानें वाचन करण्याचे यत्नही चालू आहेत. २०२५ सालीं रुडकीच्या आयआयटींतील व इतर संस्थांतील संशोधकांनीं दोन हजारांहून अधिक मोडी हस्तलिखितांच्या प्रतिमा जाणत्यांनीं केलेल्या नागरी लिप्यंतरासह एकत्र करून, मोडीचें लिप्यंतर करणाऱ्या प्रणालीचें काम प्रसिद्ध केलें. यांतली मर्माची गोष्ट ही कीं, यंत्राला शिकविण्यासाठींसुद्धां खरे कागद आणि ते वाचणारीं खरीं माणसें लागलीं. पुण्याच्या पुरालेखागारांत कोट्यवधि मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळांत, तंजावरच्या सरस्वती महालांत आणखी आहेत. सरदेसाईंनीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत पेशवे दफ्तरांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तो त्या साठ्याचा अंशमात्र होय. एवढ्या साठ्याला यंत्राचें साहाय्य लागणारच. पण यंत्र ज्या वळणावर शिकलें तेंच तें वाचील. पेशवेकालीन पुण्याच्या चिटणिसी अक्षरावर तयार झालेली प्रणाली नागपूरकर भोसल्यांच्या एखाद्या परगण्यांतल्या कारकुनाचा हात तितक्याच खात्रीनें वाचील, असें धरून चालणें धोक्याचें आहे.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. पहिली : यापुढें जे मोडी टाइप होतील ते ‘मोडी’ अशा मोघम नांवानें न करतां, कोणत्या काळच्या, कोणत्या फडाच्या, शक्य तर कोणत्या कागदांच्या आधारें केले हें उघड सांगून करावे. चिटणिसीचा एक, बिवलकरीचा एक, आंग्लकालीन टाकाच्या अक्षराचा एक, असे टाइप झाले तर शिकणाराला एका वळणावरून दुसऱ्यावर जाण्याचा पूल मिळेल, आणि टाइप हा अभ्यासाचें साधन होईल. दुसरी : मोडीच्या वर्गांत टाइपाइतकाच कित्ता असावा. बोरू हातीं धरून, आधीं रेघ ओढून, लेखणी न उचलतां दहा ओळी लिहिणाराला अमुक अक्षराची शेपटी अशी कां वळली हें सांगावें लागत नाहीं. त्याचा हातच तें त्याला सांगतो. तिसरी सूचना आमच्या भागापुरती, आणि आम्हांस ती सर्वांत निकडीची वाटते. सिंदी मेघे, सावंगी, बोरगांव आणि वर्ध्याभोंवतालचीं अशींच खेडीं झपाट्यानें शहरांत विलीन होत आहेत. जुनीं घरें पडतात, जमिनींचे तुकडे विकले जातात, आणि माळ्यावरच्या पेटींतले न वाचतां येणारे कागद ‘कामाचे नाहींत’ म्हणून टाकले जातात. सरकारी दफ्तरांना निदान छप्पर तरी आहे; घरगुती कागदांना तेंही नाहीं. असा कागद फेंकण्यापूर्वीं त्याचें दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, तो कोणत्या घरचा व कोणत्या गांवचा हें त्याबरोबर लिहून ठेवावें, आणि जिल्ह्यांतील एखाद्या महाविद्यालयानें किंवा ग्रंथालयानें हें सर्व एकत्र करण्याचें पत्करावें. खर्च थोडा आहे आणि साधन आतां जवळजवळ प्रत्येकाच्या खिशांत आहे.

उत्तम टाइप आज नाहीं तर उद्यां कोणी तरी करील. कारागिरांची आपल्याकडे कधींच वाण नव्हती. पण ज्या कागदावरून त्यानें वळण घ्यावयाचें तो कागद एकदां चुलींत गेला कीं तो परत पैदा करण्याची विद्या कोणत्याही छापखान्यापाशीं नाहीं.